माझी जाणारी बाजू

मी एक जुना राज्यमार्ग आहे. लांबी बासष्ट किलोमीटर, कागदोपत्री चौसष्ट. उरलेले दोन कुठे आहेत, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, पूर्वी मी नुसती गाडीवाट होतो. मग माझ्यावर मुरूम पडला, खडी पडली, रोलर फिरला आणि शेवटी डांबर आलं. शहर आणि नदीपलीकडची गावं मी जोडली. मला क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाला की माणसाला वाटतं, आता आपल्याकडे कुणीतरी बघेल. रस्त्यालाही वाटतं.

बघणारा एकच होता, माझा मैलकुली. घमेलं-फावडं घेऊन तो रोज सायकलवरून यायचा, कडेचे चर मोकळे करायचा, खड्डा बशीएवढा असतानाच बुजवायचा. मी त्याची कधी कदर केली नाही. मला मोठ्या गाड्यांचं वेड. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. बशीची परात झाली, परातीचा हौद झाला.

मग एकदा मंत्री येणार असं ठरलं. चार दिवसांत शहराकडून येणारी माझी बाजू आरशासारखी झाली. म्हातारा मैलकुली सवयीने बघायला आला.

"साहेब, ही शहराकडे जाणारी बाजू कधी घेताय?"

इंजिनियर म्हणाला, "काका, मंत्री परत हेलिकॉप्टरने जाणारेत."

"आणि आम्ही?"

"तुम्ही कुठे निघालात या वयात?"

सगळे हसले. मीही हसलो. अंगावर नवं डांबर असलं की हसू लवकर येतं.

मंत्री आले, "छान रस्ता" म्हणाले आणि उडून गेले. त्यानंतर जाणारे-येणारे सगळेच माझ्या चांगल्या बाजूने धावू लागले. वळणावर समोरासमोर आले की एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायचे.

मैलकुलीची लेक शहरातल्या दवाखान्यात नर्स होती. रोज सकाळी स्कूटरवरून जायची.

"उलट्या बाजूने घुसायचं नाही," त्याने तिला बजावलं. "आपली बाजू धर. खड्डे परवडले."

"बाबा, त्या बाजूने गेलं की पाठीचे मणके मोजता येतात!"

"मग मोज. नर्स आहेस ना?"

तिने ऐकलं. शहराकडे जाणाऱ्यांत नियम पाळणारी ती एकटीच होती. एका सकाळी वळणावर पाणी साचलं होतं. तिला खड्ड्याची खोली कळली नाही. गुडघा कायमचा गेला. वॉर्डात दिवसभर उभं राहायचं काम सुटलं. आता ती केस-पेपरच्या खिडकीमागे बसते. पंचनाम्यात लिहिलं, "चालकाचा ताबा सुटला." माझा उल्लेख "घटनास्थळ" एवढाच.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा घमेलं घेऊन आला. त्याने तो खड्डा बुजवला, ठोकून सपाट केला आणि तिथेच कडेला बसून राहिला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मीच सांगितलं तिला," एवढंच तो म्हणाला.

काका, तुमचं बरोबर होतं, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण रस्त्याला तोंड नसतं.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कसल्यातरी उद्घाटनाला माझ्यावरून याल. माझी विनंती एवढीच आहे: परत जाताना माझ्यावरूनच जा.