सातवा कोण?

मी एक जुना काळा दगड आहे, मित्रांनो. हल्ली लोक मला म्हसोबा म्हणतात आणि माझ्यापुढे नारळ फोडतात. पण मी देव नाही. मी लढाईत गेलेल्या माणसांचा दगड आहे. शेंदराखाली माझी अक्षरं बुजली आहेत, एवढंच.

माझा जन्म रहिमतपूरकडच्या एका खाणीत झाला. पहिली मोठी लढाई संपली तेव्हा साहेबाच्या सरकारनं मला घडवून घेतलं आणि सातारा-सांगलीच्या मधल्या या लहानशा स्टेशनावर उभं केलं. 'या गावचे लोक लढाईस गेले. त्यांतले सात परत आले नाहीत,' इतकं माझ्यावर कोरलं. पाथरवटानं विचारलं होतं, "आन् नावं वो?" कारकून म्हणाला, "नावांना जागा कुठं आहे? आकडा पुरे." जागा भरपूर होती. माझी सगळी पाठ अजून कोरी आहे. मग वाजंत्री वाजली, साहेबानं टोपी काढली, पोरांना बुंदी वाटली. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

गावात रडारड झाली ती सहा घरांत. सातवा कोण, हे कुणालाच सांगता येईना. बनुबाईचा नवरा समुद्रापार इराकात, बसऱ्याकडे गेला होता. त्याची पत्रं थांबली, पण मेल्याची तार आली नाही. "आकड्यावर कुणी कुंकू पुसतं व्हय?" असं सासूला म्हणून त्या पोरीनं कुंकू तसंच ठेवलं. गाव तोंडावर काही बोललं नाही. हळदीकुंकवाला मात्र तिला कुणी बोलावलं नाही.

दर दिवाळीच्या पाडव्याला ती ओवाळणीचं ताट घेऊन स्टेशनावर यायची, कारण नवऱ्याला तिनं इथूनच गाडीत बसवलं होतं. गाडी येई, रिकामी निघून जाई. मग ती माझ्याजवळ टेकायची. "दगडा, ह्ये त्या सातात हायती का न्हाई, तेवढं सांग की रं." मी काय सांगणार? मलाच कुणी सांगितलं नव्हतं. आणि नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून बनुबाई कायम 'ह्ये' म्हणायची. तिचे केस माझ्यासमोर पांढरे झाले, पण तिच्या धन्याचं नाव मला कळलं नाही.

एकाहत्तर साली गावची पोरं पुन्हा लढाईला निघाली. एका पुढाऱ्यानं मला पायरी केलं आणि माझ्यावर उभं राहून भाषण ठोकलं. विषय होता हुतात्म्यांचा. हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

पुढे ब्रॉडगेजची मोठी लाईन आली. मला उपटून मालधक्क्यामागं टाकलं. माझ्या बुडातून नाग निघाला आणि जतकडचा बिराप्पा, रुळांवरचा कामगार, पार हबकला. त्यानं नारळ फोडला, मला शेंदूर फासला आणि झालो मी देव! सात मेलेली माणसं कुणाला दिसली नव्हती. नाग मात्र सगळ्यांना दिसला.

अशाच एका सर्वपित्रीला बनुबाई आली. हातात ओवाळणीचं ताट नव्हतं, पत्रावळ होती. नजर गेलेली. ती माझ्यावरची अक्षरं चाचपू लागली, तर बोटं शेंदरानं माखली.

"अज्जी, हात लावू नगा! देव हाय त्यो," बिराप्पा ओरडला.

"देव न्हाई रं बाबा. माझ्या घरचं माणूस हाय. कुंकवापायी मी कवा घास ठेवला न्हाई. ह्ये त्या सातात आसतील, तर इतकी वर्सं उपाशी हायती. मी मेल्यावर कोण इचारतंय?"

बिराप्पा वरमला. त्यानं पोत्याच्या तुकड्यानं मला घासलं आणि 'सात' या अक्षरांवर तिचं बोट ठेवलं. म्हणाला, "घास कुणाच्या नावानं ठेवायचा? नाव घ्यावं लागतंय, अज्जी."

बनुबाईनं पत्रावळ माझ्यापुढं मांडली. मग तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्या कानाशी आल्यागत वाकून म्हणाली, "कृष्णात."

त्या घासाला कावळा शिवला नाही. शेवटी स्टेशनावरच्या कुत्र्यानं तो खाल्ला.

दिवाळीच्या आधीच बनुबाई गेली. जन्मभर जपलेलं कुंकू तेव्हा नेमकं कपाळावर नव्हतं, म्हणून बायकांनी तिची ओटी भरली नाही. आणि पुढच्या अवसेला कुणीतरी माझ्यावर पहिल्यापेक्षा जाड शेंदूर थापला.

मित्रांनो, मला हार नको आणि पंधरा ऑगस्टचा चुनाही नको. तुमच्या गावात असा दगड असेल, तर एकदा खरवडून बघा. आकडा सरकारला पुरतो, घरच्यांना पुरत नाही. आणि कधी या बाजूला आलात, तर माझ्या कोऱ्या पाठीवर खडूनं का होईना, एक नाव लिहा. त्याच्या बायकोनं ते जन्मात एकदाच घेतलं.

कृष्णात.