वेशीतली मोटार

इसहाकनं भोंग्याचा रबरी गोळा पुन्हा पुन्हा दाबला, तरी पुढची कांद्याची बैलगाडी तसूभर हलली नाही. हलणार तरी कुठे? तिच्यापुढे टांगा, टांग्यापुढे कडब्यानं लादलेला छकडा, आणि त्याच्याही पुढे एक म्हैस. तिला रवंथ करायला नगरात माळीवाड्याची वेसच तेवढी मोकळी सापडली होती. मागून लष्करी ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. डाव्या हाताला एका कापडवाल्यानं दुकान निम्म्या रस्त्यावर आणून मांडलं होतं, आणि उजव्या हाताला दोन हमाल एकमेकांच्या सात पिढ्यांची आठवण काढत होते. बाजारच्या दिवशी या शहरात मोटार घालणाऱ्याच्या अंगात संतांची शांती तरी हवी, नाहीतर हमालांची जीभ. इसहाकपाशी दोन्ही नव्हतं.

“छगन, खाली उतर. त्या म्हशीला हाण,” तो कंडक्टरवर खेकसला.

“मालक कुठाय तिचा, ते बघतो आदी,” म्हणत छगन उतरला.

इसहाकनं मागे वळून पाहिलं नाही. मागच्या बाकावर रतनबाई बसल्या होत्या. मांडीवर पितळेचा डबा होता आणि इंजिनाच्या धडधडीनं त्याचं झाकण बारीक खुळखुळत होतं. आज सकाळी सोनईच्या पारापाशी त्या मोटारीत चढल्या, तेव्हा इसहाक फडक्यानं पुढची काच पुसत राहिला. तीन वर्षं त्या त्याच्या मोटारीत बसल्या नव्हत्या. नगरला यायचंच झालं तर वेस टाळून जाणाऱ्या दुसऱ्या सर्व्हिसच्या मोटारीनं येत.

“मनमाडची गाडी गाठायची हाय,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. “लेक बाळंत झाली, विजयमाला. डिंकाचे लाडू न्यायचेत.”

तेव्हापासून इसहाकनं मनाशी एकच धरलं होतं. काय वाटेल ते होवो, ही गाडी बाईला मिळाली पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीही असाच बाजार होता, हीच वेस. लढाई चालू होती आणि पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं. मोटारीच्या पाठीवर कोळशाचा बंब बसवलेला, त्याच्या गॅसवर इंजिन कसंबसं चाले. एकदा बंद पडलं की बंब पुन्हा धरेपर्यंत लोक झाडाखाली भाकऱ्या खाऊन घेत. रतनबाईंचा मुलगा बन्सी पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे निघाला होता आणि त्याची गाडी नगर स्टेशनात थोडा वेळ थांबणार होती. तेव्हाही मांडीवर हाच डबा होता.

वेशीतच समोरून मयत आलं. इसहाकचा बाप टांगा हाकायचा. मयत दिसलं की तो खाली उतरे, टोपी काढून घोड्याचा लगाम धरून उभा राही. मयत कुणाचंही असो, वाट द्यायची आणि गप्प उभं राहायचं, हे त्यानं पोराला शिकवलं होतं. इसहाकनं ती रीत मोटारीला लावली. इंजिन बंद केलं, टोपी काढली. घोडा बंद पडत नाही आणि कोळशाची मोटार पडते, एवढं त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग हँडल मारमारून त्याचे खांदे गेले. इंजिन खोकलायचं, डब्याचं झाकण खुळखुळायचं, आणि दोन्ही एकदम गप्प व्हायचं. रतनबाई दरवेळी अर्ध्या उठत.

“इसहाका, चालत जाऊ का रं?”

“बसा मावशी. हुईल आत्ता सुरू.”

दरवेळी तो हेच म्हणाला. चालत गेल्या असत्या तर बन्सी भेटला असता. मोटार पोचली तेव्हा स्टेशनात एक झाडूवाला फलाट झाडत होता. पुढे पावसाळ्यात सोनईला तार आली.

तेव्हापासून वेशीत मोटार अडकली, की बाक रिकामा असला तरी इसहाकला मागे ते झाकण वाजताना ऐकू येई. वाजे आणि थांबे. थांबलं की त्याला दरदरून घाम फुटे. बंब निघाला, पेट्रोल आलं, पण वेशीत इंजिन म्हणून त्यानं पुन्हा बंद केलं नाही.

छगननं म्हैस हाकलली. छकडा हलला, टांगा हलला. इसहाकनं मोटार गिअरमध्ये टाकली, आणि वेशीच्या तोंडाशी मडक्यातला विस्तव धरलेला माणूस दिसला. त्याच्यामागे तिरडी. इसहाकनं टोपी डोक्यावर आणखी घट्ट बसवली. मोटार भिंतीला चिकटवली तर मोटार आणि तिरडी दोन्ही निघून जातील. त्याचा हात भोंग्याकडे गेला.

“इसहाका,” मागून आवाज आला. “इंजिन बंद कर.”

“मावशी, गाडी चुकंल.”

“चुकू दे. लेकीकडं उद्याबी जाता यील.” रतनबाई तिरडीकडे पाहत होत्या. “माजा बन्सी कुटं पडला, त्याला कुनी खांदा दिला का न्हाई, काय ठावं न्हाई. त्याच्यापायी कुनी थांबलं तरी आसंल का? इतकी वर्सं ह्या वेशीतनं जायाचा धीर न्हवता मला. आज म्हटलं, जायाचं तर तुज्या मोटारीतनं जावं. तू मयताला थांबतुस.”

या तीन वर्षांत तो एकाही मयतासाठी थांबला नव्हता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही सांगवलं नाही.

त्यानं इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. झाकण वाजायचं थांबलं. मागचा ट्रक हॉर्न देतच होता. तिरडी मोटारीला जवळजवळ घासून गेली. रतनबाईंनी हात जोडले आणि कुणाच्या तरी त्या मयताकडे ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिल्या.

मग इसहाक खाली उतरला. मोटारीची बॅटरी कधीच गेली होती, हँडलशिवाय ती सुरू होत नसे. हँडल हातात घेऊन तो आधी बाकापाशी आला. तीन वर्षं मनात अडकलेलं बोलून गेला.

“मावशी, उतरा. वेशीभाईर टांगा मिळंल. मोटारीचा काय भरवसा न्हाई. तवाच सांगाया पायजे हुतं मी.”

रतनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डबा मांडीवर नीट बसवून घेतला.

“बसते मी,” त्या म्हणाल्या. “हुईल आत्ता सुरू.”

इसहाक मोटारीपुढे गेला. टोपी अजून काखेतच होती. त्यानं हँडल लावलं आणि सगळा जीव खांद्यात आणून फिरवलं. इंजिन खोकललं. मागे डब्याचं झाकण खुळखुळलं. हँडल तसंच धरून, डोळे मिटून तो ऐकत उभा राहिला.

झाकण वाजतच राहिलं.