हिरवा दिवा

मी ऑफिसांतले स्पीकरफोन दुरुस्त करतो. टेबलाच्या मधोमध ठेवायचा, रिसीव्हर न उचलता भोवती बसून सगळ्यांनी बोलायचं, तसले. त्या एवढ्याशा डबीत माइकही असतो आणि स्पीकरही. दोन्हींचा आवाज एकदम मोठा ठेवला, तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिटी वाजते. म्हणून आतलं सर्किट सारखं बघत असतं, जोरात कोण बोलतंय. ज्याचा आवाज मोठा, त्याची वाट मोकळी. दुसऱ्याचा आवाज तेवढाच खाली. आमच्या घरात हा नियम फोन यायच्या आधीपासून आहे.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. मुलं त्यांना मागून 'कर्णा' म्हणायची. मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हणाले की त्या टोकाची कुत्रीसुद्धा उभी राहायची. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाची नुसती कुजबुज उरली. रिसीव्हर धरला की हात थरथरायचा. मग मी एक जुना सेट दुरुस्त करून त्यांच्या टेबलावर बसवला आणि मोठं काम केल्यासारखा मिरवलो. "हा हिरवा दिवा लागला की समजायचं, तुमचं बोलणं पलीकडे जातंय," मी त्यांना सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात ताई आणि भावजी माझ्याकडे आले. बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटे, दोनदा पडलेले. ताईची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ताईकडे न्यायचा प्रश्नच नव्हता. राहिलो मी. मागची खोली रिकामी होती. बायको दोनदा म्हणालीही होती, "आणा की त्यांना." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

माझ्याकडच्या स्पीकरफोनवरून बाबांना फोन लावला आणि वीस मिनिटं मीच बोललो. वृद्धाश्रमात डॉक्टर आहे, सोबत आहे, जिना चढायला नको. मध्येमध्ये ताई, मध्येमध्ये भावजी. पलीकडून काही नाही.

"मूग गिळून बसलेत," फोन ठेवल्यावर ताई म्हणाली. "म्हणजे पटलंय त्यांना."

आठ दिवसांनी टेम्पो आणला, सामान नेलं आणि घर मालकाला परत केलं.

तो सेट मी दुकानात घेऊन आलो होतो. काल तपासायला घेतला. हळू बोलून पाहिलं, हिरवा दिवा लागेना. जोरात बोललो, लागला. किती आवाजाला माइक उघडायचा ते ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो. बाबांचा सेट जुळवला तेव्हा शेजारच्या गॅरेजात कॉम्प्रेसर धडधडत होता. त्या आवाजानं माइक उघडू नये म्हणून मी स्क्रू पार वर नेऊन ठेवला होता. बाबांच्या खोलीत कॉम्प्रेसर नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. त्यात वरून आम्ही तिघं बडबडणारे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी स्वतःच्या बापाला दिला होता.

इथवर असतं तर चूक म्हणून सोडून दिली असती. पण त्या दिवशी फोनच्या सगळ्यात जवळ मी बसलो होतो. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा बाबा सगळा जोर लावून बोलले असणार, कारण आवाज आला. "मी तुझ्याक..." इतकंच. मला या धंद्यात बावीस वर्षं झाली. समोरच्याची वाट उघडायला सर्किटला क्षणभर शांतता लागते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो क्षण मी दिला नाही. "आणि बाग तर इतकी छान आहे," असं मोठ्यानं सुरू केलं आणि थांबलोच नाही.

आज वृद्धाश्रमात गेलो. बाबा खाटेवर बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्यांनी खुणेनं बोलावलं.

"हाच माझा मुलगा," ते कुजबुजले. "फोन दुरुस्त करतो. मी सांगत होतो ना, याचा काही दोष नाही. हिरवा दिवा लागेचना, माझं बोलणं यंत्रानं पोचवलंच नाही. मग हा टेम्पोच घेऊन आला. म्हटलं, आता कशाला?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सुटलो असतो.

"बाबा, यंत्र मीच तसं लावलं होतं," मी म्हणालो. "आणि तरी तुमचं बोलणं आलं होतं. अर्धं. मला कळलं होतं."

बाबा माझ्याकडे वळले.

"म्हणजे तू ऐकलं होतंस."

मी मान हलवली. त्यांचं राहिलेलं वाक्य ऐकायला थांबलो. ते पायानं चपला शोधायला लागले. जेवायची वेळ झाली होती.

"माझ्याकडे चला," मी म्हणालो. माझीही कुजबुजच झाली.

बाबांनी कानामागे हात धरला. "काय?"

मी पुन्हा म्हणालो.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले, मास्तर असताना म्हणायचे तसं.

मी मोठ्यानं बोललो. सगळ्या खोलीनं ऐकलं. बाबांनी चपला घातल्या, शेजारच्या म्हाताऱ्याचा हात धरला आणि दोघं जेवायला गेले. मी त्यांच्या खाटेवर वाट बघत बसलो.