दोन महिन्यांसाठी शिवलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. पँटला लावतात तसला नाही. पोटाला बांधायचा, वीतभर रुंद, तीन बकलांचा. रावेरला केळीच्या ट्रकवर टाकतात त्या ताडपत्रीचं माझं अंग, आणि आत ट्रॅक्टरच्या सीटचा फोम. नासीरभाईंनी मला शिवलं. ते ताडपत्र्या आणि सीटा शिवतात. माणसासाठी त्यांनी शिवलेली मी पहिलीच वस्तू.

१९९६ च्या उन्हाळ्यात गिरधरनाना त्यांच्या दुकानी आले. नानांची बायको भागाबाई. त्यांच्या बेंबीजवळ हर्निया झाला होता. मित्रांनो, हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेली फट. तिच्यातून आतडं बाहेर डोकावतं आणि लिंबाएवढी गाठ दिसते. आडवं झालं की गाठ आत जाते, उभं राहिलं की परत येते. पट्ट्याचं काम तिला आत दाबून धरण्याचं. औषधाच्या दुकानातला एकही पट्टा भागाबाईंना पुरला नाही, कारण त्यांचं वजन होतं एकशे अठरा किलो.

"किती दिवस टिकायला हवा?" नासीरभाईंनी विचारलं.

"दोनच महिने. मग ऑपरेशनच आहे," नाना म्हणाले.

दोन महिने. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे तो कोणीच ठेवला नाही.

जळगावचे डॉक्टर म्हणाले, "इतक्या चरबीत टाके धरणार नाहीत. आधी वजन उतरवा, मग हर्निया." भागाबाईंनी भात सोडला, साखर सोडली, एक भाकरी अर्ध्यावर आणली. सहा महिन्यांत वजन चार किलो उतरलं आणि पाच किलो चढलं. मग धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "मुंबईला पोट लहान करण्याचं ऑपरेशन करतात. ते करून घ्या, वजन आपोआप उतरेल." दोघं मुंबईला गेली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "ही गाठ असताना मी पोटाला हात लावत नाही. आधी गावाकडे हर्निया करून या." दोघं जळगावला परत. जळगावचे म्हणाले, "मी काय सांगितलं होतं? आधी वजन."

प्रत्येक फेरीत मला सोडायचं, टेबलावर ठेवायचं, गाठ दाबून बघायची, मान हलवायची आणि मला परत बांधायचं. एकाही डॉक्टरने दुसऱ्याला फोन केला नाही. मला तोंड असतं तर मीच केला असता.

भागाबाई माहेरच्या सोनगीरच्या. चिडल्या की अहिराणीत बोलायच्या, तिच्यात सगळ्यांना 'बठ्ठा' म्हणतात. जळगावच्या स्टँडवर बसची वाट बघत त्या म्हणाल्या, "बठ्ठा डाक्टर हुशार शेतस. पहिलं कोनतं करानं, ते मात्र कोनीच सांगत नही."

नाना म्हणाले, "चिडू नको, गाठ दुखेल."

"दुखू द्या. ती तरी माले इचारीसन दुखस."

माझी शिवण दोनदा उसवली. नासीरभाईंनी ती दोनदा घातली. दीड वर्ष गेलं तेव्हा कुठे मुंबईचे डॉक्टर तयार झाले. गाठ मोठी होत चालली होती, म्हणून असेल. १९९८ च्या जानेवारीत त्यांनी भागाबाईंचं पोट आतून शिवून वाटीएवढं केलं. हर्नियाचं ऑपरेशन वर्षभराने, वजन एका जागी थांबल्यावर. तारीख पुढच्या संक्रांतीनंतरची ठरली. निघताना डॉक्टर म्हणाले, "तोवर पट्टा घट्ट बांधा. गाठ आत जाईनाशी झाली, उलट्या लागल्या, तर त्याच तासाला जवळचं हॉस्पिटल गाठा." हे मी ऐकलं. नानांनीही ऐकलं आणि मान डोलावली.

मग वजन उतरू लागलं. शंभर. पंच्याण्णव. दिवाळीपर्यंत चौऱ्याऐंशी. नाना त्यांना केळीच्या काट्यावर उभं करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. मी शेवटच्या भोकापर्यंत आलो, आणि नंतर तेही ढिलं पडलं. याचा सगळ्यांना केवढा आनंद! नाना येईल त्याला दाखवायचे. माझ्या आणि भागाबाईंच्या मध्ये मूठ घालायचे आणि म्हणायचे, "बघा, अख्खी मूठ जाते."

मित्रांनो, मला त्या मुठीचा फार राग यायचा. मूठ जाते म्हणजे मी काहीच धरत नाही, हे त्या मुठीला कळू नये?

एका माणसाला कळलं. दिवाळीच्या आधी नासीरभाई घरी आले. नानांनी मूठ घालून दाखवली. नासीरभाई हसले नाहीत.

"नाना, ट्रकची ताडपत्री ढिली सोडता का तुम्ही?"

"नाही."

"मग? माल रस्त्यात सांडतो ना. आणा इकडे. चार बोटं कापतो, नवी भोकं पाडतो. संध्याकाळी परत देतो."

त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्यावर रेघ ओढली, जिथे कापायचं तिथे. भागाबाईही म्हणाल्या, "देऊन टाका हो."

पण नानांच्या डोक्यात मेहुण्याची मिशी होती. भागाबाईंचा भाऊ लोटन मागच्या भाऊबीजेला म्हणाला होता, "अक्का, तू बारीक व्हयनी ना, तं मी मिशी काढसू." पट्टा कापला तर दाखवायचं काय? नाना म्हणाले, "भाऊबीज होऊ दे, नासीर. लोटनला एकदा दाखवतो, मग काप."

चार दिवसांचा तर प्रश्न होता. माझ्या आयुष्यातले सगळे प्रश्न चार दिवसांचे, दोन महिन्यांचेच होते.

सोनगीरला ओवाळणी झाली. नानांनी मूठ घातली. लोटन शब्दाचा पक्का. त्याने अंगणात न्हाव्याला बोलावलं आणि खरंच मिशी उतरवली. मिशीशिवाय तो अगदी त्याच्या आईसारखा दिसायला लागला. गल्ली हसली. भागाबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतकं त्या दोन वर्षांत हसल्या नव्हत्या. हसलं की पोट उसळतं. ते मी धरायचं होतं. मी त्यांच्या कमरेवर नुसता लोंबत होतो.

दुपारी उलट्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले, करंजी बाधली. वाटीएवढं पोट, त्यात करंजी कशी मावेल? मुंबईच्या ऑपरेशनानंतर जास्त खाल्लं की उलटी व्हायचीच, म्हणून नानांनाही ते पटलं. ओव्याचं पाणी दिलं. मला सोडून खुंटीला अडकवलं, बाईला मोकळं वाटावं म्हणून. गाठ आत जाते का, हे कोणी बघितलं नाही. भागाबाईंनी हात लावून बघितलं असणार. पण भावाच्या दारी सणाच्या दिवशी कोण सांगतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी गाठ बघितली आणि विचारलं, "कधीपासून?"

"काल दुपारपासून," नाना म्हणाले.

"मग काल दुपारी यायचं होतं."

त्यांनी लगेच ऑपरेशन केलं. जवळजवळ अडीच वर्षं ज्याला मुहूर्त सापडत नव्हता, ते ऑपरेशन तासाभरात झालं. वजनाचं कोणी नावही काढलं नाही. पण फटीत अडकलेलं आतडं काळं पडलं होतं. तिसऱ्या दिवशी भागाबाई गेल्या.

मित्रांनो, डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. पण मधल्या दिवसांत काय करायचं, ते विचारून घ्या आणि घरी गेल्यावर विसरू नका. दोन डॉक्टर दोन दिशांना बोटं दाखवू लागले, तर त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. आणि काही चांगलं घडलं तर आनंद जरूर करा. फक्त आधी बक्कल आवळा, मग हसा.

मी आता रावेरला नानांच्या खोलीत खुंटीवर असतो. लोटनने मिशी परत ठेवली नाही. परवा नासीरभाई आले होते. त्यांनी मला खाली काढलं, खडूच्या रेघेवरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "नाना, कापड चांगलं आहे. उसवून सीटला लावू का?"

नानांनी मला त्यांच्या हातातून घेतलं.

"राहू दे. आणि ती रेघ पुसू नको."