दोन पांढरी डोकी

मी तपकिरीची कुपी बोलतेय. अंगठ्याएवढी, काचेची; पण माझ्या पोटात पिओनीची दोन फुलं आणि बुलबुलांचं एक जोडपं राहतं. चीनमधल्या आमच्या बोशानमध्ये पांढऱ्या डोक्याच्या या बुलबुलांचं चित्र नवरानवरीला देतात. दोघं मिळून म्हातारे व्हा, एवढंच त्यात सांगणं.

मला रंगवलं लुआन शौहंग यांनी. भाताचं शीतही अडेल अशा माझ्या गळ्यातून वाकड्या टोकाची बांबूची काडी आत घालायची आणि आतल्या बाजूने पीस न् पीस काढायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. नजर मात्र अधू होत चालली होती. लेकीच्या लग्नासाठी रंगवलेली मी त्यांची शेवटची कुपी.

लग्नाच्या आदल्या दुपारी त्यांच्या बायकोने, ग्वेइयिंगने, मला खिडकीशी धरलं.

"अहो, मादीचं डोकं काळं राहिलंय."

आत जे आधी रंगवावं, तेच बाहेरून पुढे दिसतं. पांढरा रंग आधी लावायचा राहिला होता. आता कितीही लावला तरी तो काळ्याच्या मागेच जाणार.

"तीस वर्षं लोकांच्या लेकींना म्हातारपण वाटलंत, आणि घरच्या लेकीला विसरलात?"

"धुऊन टाकतो," ते म्हणाले. दुसरी कुपी त्या डोळ्यांना जमणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. मलाही.

लेक युएझेन दारातून म्हणाली, "राहू द्या बाबा. म्हातारा तो होईल, मी अशीच."

"तोंड आवर. एक पांढरं, एक काळं म्हणजे एकाच्या नशिबी म्हातारपण नाही." मग ग्वेइयिंग नवऱ्याशेजारी बसली. "डोक्यापुरतं खरवडा. कुठे ते मी सांगते. वर. जरा डावीकडे. तुमची डावी हो. थांबा, चोच जाईल."

काळा कणाकणाने निघाला. मोकळ्या काचेवर पांढरा बसला, पण थोडा मानेवर उतरला.

"ही तर त्याच्याआधीच म्हातारी झाली," लुआन म्हणाले.

"बायकाच होतात. नवरे सांभाळून."

त्यांनी पुन्हा काडी धरली नाही. तपकीर कधीच संपली. आज युएझेनचं डोकं पांढरंशुभ्र आहे. तिच्या नवऱ्याला मात्र पांढरे व्हायला केसच उरले नाहीत. दोघं मला आलटून पालटून उजेडात धरतात.

उद्या तुमच्या हाती आले, तर तुम्हीही धरा. बाहेरून खुशाल पुसा. आत पाणी तेवढं घालू नका. तिथलं म्हातारपण फार कष्टाने मिळालंय.