मागचा डावा कोपरा

ऋषीची मोटार पहिल्यांदा वाडीत आली तेव्हा लोकांना वाटलं, हिची चारही चाकं पंक्चर आहेत. लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी गाडी. चाकणच्या कंपनीत कायम झाल्यावर त्यानं ती जुन्यातली, पण मोठ्या हौसेनं घेतली होती. माळशेजच्या वळणांवर ती झकास पळे, आणि पिंपळवंडीच्या अलीकडे वाडीचा फाटा लागला की तिची पार अब्रू जाई. फाट्यापासून घरापर्यंत तीन स्पीडब्रेकर. प्रत्येकावर गाडीचं पोट असं खरवडून निघे की त्याची आजी सरूबाई भाकरी थापता थापताच म्हणे, "आला गं बाई माझा नातू, खरडत खरडत."

शेवटी ओतूरच्या भरत मिस्त्रीनं त्यावर इलाज केला. जुने शॉकअप काढून त्यानं चारही चाकांना कॉइलओव्हर बसवले. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, बाहेरून आटे पाडलेले, आणि त्या आट्यांवर फिरणारी एक कडी. आकड्याच्या पान्यानं कडी वर सरकवली की गाडीचा तेवढा कोपरा उचलतो, खाली सरकवली की बसतो. चारी कोपरे वेगवेगळे. घाटात खाली, वाडीत वर. तो पाना हातात आला की ऋषीला आपण ब्रह्मदेव आहोत असं वाटे, आणि त्याच भरात पुढची सगळी भानगड झाली.

ऋषीचे आजोबा सयाजीआबा हे पालखीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याचे मानकरी. भैरवनाथाच्या यात्रेला पालखी देवळातून निघते ती शिवेवर जाऊनच टेकते. चार घरांचे चार खांदे. पुढं उजवीकडं दादाभाऊ, पुढं डावीकडं सोमाजी, मागं उजवीकडं हौशीराम. हे तिघे चांगले उंचेपुरे. आबा मात्र बुटके, म्हणजे चांगलेच बुटके. त्यामुळं बेचाळीस वर्षं पालखी त्यांच्या अंगावर कललेली चाले, आणि एवढ्या वर्षांत वाडीनं त्याचा अर्थ लावून टाकला होता: नाथ सयाजीकडं झुकतो. आबांच्या बोअरला पाणी लागलं, नाथ झुकतो. आबांच्या म्हशीला रेडी झाली, नाथ झुकतो. तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर दादाभाऊ. त्याच्या म्हशीला लागोपाठ तीन रेडे झाले. यात पालखीचा काय संबंध, असं त्याला विचारायची सोय नव्हती.

यंदा आबांचे गुडघे गेले. नारायणगावच्या डॉक्टरनं वजन उचलायचं नावही काढू नका म्हणून बजावलं. रीत अशी, की घरचा खांदा नसला तर कोपरा दादाभाऊच्या घराकडं जातो, आणि गेला की परत येत नाही. घरात दुसरा खांदा काय तो ऋषीचा. आणि ऋषी सहा फूट उंच!

"ह्यो खांद्याला लागला तर नाथ सरळ माझ्याच अंगाव येतुय की," दादाभाऊ पारावर खुशीत म्हणाला. "लागू द्या राव. माझी कायबी ना न्हाई."

आबांनी ते ऐकलं आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. दोन दिवस चहासुद्धा घेतला नाही. "मी हाय तवर तरी नाथ तिकडं झुकू नये," एवढंच एकदा म्हणाले. या माणसानं आजवर कुणाकडं साधी काडेपेटी मागितली नव्हती.

देवळात बैठक बसली तेव्हा ऋषी उभा राहिला. "पालखी माझ्या गाडीच्या टपावर ठेवू. चारी कोपऱ्यांची उंची लावता येतीय. आबांचा कोपरा खांद्याव जेवढा खाली असायचा, तेवढाच गाडीवबी ठेवतो. नाथाला फरक कळायचा न्हाई."

सोमाजी आणि हौशीराम यांचे खांदे काही विशीतले राहिले नव्हते. त्यांना ही गोष्ट फार धार्मिक वाटली.

"पर नाथाला गाडी लागायची न्हाई ना?" हौशीरामनं विचारलं.

"न्हाई लागणार. शॉकअप मऊ ठेवतो," ऋषी गंभीरपणे म्हणाला.

दादाभाऊनं रीतभात काढून पाहिली, पण मोटारीत बसू नये असं नाथानं कुठं म्हटल्याचं कुणाला आठवेना. मग तो जरा वेळ गाडीभोवती फिरला आणि गोड आवाजात म्हणाला, "पावणं, ही कडी माझ्या अंगाला फिरवली, तर?"

इथं ऋषीनं तोंड मिटायला हवं होतं. पण आपल्या गाडीबद्दल कुणी विचारलं की त्याला कंठ फुटे. त्यानं पाना घेतला, चाकामागं हात घातला आणि कुठल्या अंगाला पिळलं की कोपरा कसा बसतो ते चारही मानकऱ्यांना दोनदा करून दाखवलं. सरूबाई खांबाआडून बघत होती. पोराचं कौतुक करायला आली होती म्हणा.

यात्रेच्या दिवशी सकाळीच भरत मिस्त्री पाणसळ घेऊन आला. गाडी देवळापुढं लावली. आबांनी ओट्यावर बसून एक डोळा मिटला. "आजून वाईच... आजून... हां!" चार बोटांचा कल. टपावर गोधड्या घालून पालखी बांधली आणि आबा पुन्हा एक डोळा मिटून बघत राहिले. मग त्यांनी दुसराही मिटला आणि हात जोडले. बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले. ऋषी पाना सीटवर टाकून आंघोळीला आणि नैवेद्य आणायला घरी गेला. भरत चहा प्यायला गेला. गाडीपाशी राहिले ते मानकरी, म्हणजे ज्यांच्यावर विश्वास टाकावा अशी माणसं.

ऋषी परत आला तेव्हा आरती रंगात आली होती. टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडं त्याचं लक्ष गेलं. दादाभाऊचे तळवे ग्रीसनं काळे. सोमाजीचे काळे. हौशीरामनं तर त्याच हातानं गंध लावलं होतं, त्यामुळं कपाळही काळं. ऋषी गाडीकडं धावला. गाडी रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखी जमिनीवर बसली होती, चारही अंगांनी सारखी. भरतनं पाणसळ ठेवून पाहिली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, येवढी लेव्हल तर तुमच्या कंपनीतल्या मशिनीलाबी नसंल."

प्रत्येकानं नाथाला आपल्याकडं झुकवायला आपापली कडी शेवटपर्यंत पिळली होती. ऋषीनं जाऊन मागचं डावं चाक चाचपलं. तीही कडी तळाला टेकली होती.

"आपला कोपरा कुणी पिळला?"

सरूबाईनं हात पदराआड नेले. "त्ये तिघं पिळत्यात म्हनल्याव आपुनच का मागं ऱ्हायाचं? माझ्या नातवाची गाडी हाय."

तोवर कुणीतरी "नाथाच्या नावानं चांगभलं" म्हणून गर्जना केली, भरतला वाटलं निघायची वेळ झाली, आणि त्यानं गाडी सुरू करून वीतभर पुढं घेतली. तेवढ्यात देवळापुढचा स्पीडब्रेकर आला. गाडीचं पोट त्याच्यावर टेकलं ते टेकलंच. पुढं नाही, मागं नाही. जॅक सारायला खाली फटच उरली नव्हती.

आणि नाथ तर हलला होता! एकदा हलला की शिवेवरच टेकायचा, मध्ये उतरवायचा नाही. पालखीत देव सरळ बसला होता, कुणाकडंच न झुकता. हे वाडीनं बेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, नाथ रुसला. तिघे मानकरी आपापले काळे हात धोतराला पुसत होते आणि धोतरं काळी होत होती.

"मोटारसकट उचला," आबा ओट्यावरून म्हणाले.

दुसरा उपाय नव्हताच. चार घरांच्या भावक्या चार कोपऱ्यांना भिडल्या, चाकांवरच्या कमानीत बोटं घातली आणि चांगभलं म्हणत लाल मोटार उचलली. वर नाथ, खाली गडी, आणि मध्ये इम्पोर्टेड सस्पेन्शन, ज्याची आता काडीची गरज नव्हती. मागच्या डाव्या कोपऱ्याला आबा येऊन उभे राहिले.

"आबा, डॉक्टरनं काय सांगितलंय?" ऋषी ओरडला.

"वजन उचलू नगं म्हनलाय. हात लावू नगं असं कुटं म्हनलाय?"

त्यांनी हात लावला. ऋषी त्यांच्याशेजारी आला आणि त्यानं सगळा भार अंगावर घेतला. तसा तो कोपरा वर गेला. सहा फुटांचा माणूस, दुसरं काय होणार? आबांची बोटं गाडीपासून सुटली. पलीकडच्या कोपऱ्यावर दादाभाऊचा चेहरा फुलला. नाथ त्याच्याकडं निघाला होता.

आबांचे हात हवेत तसेच राहिले. ऋषीनं त्या रिकाम्या बोटांकडं पाहिलं आणि गुडघ्यात वाकला. अजून वाकला. कोपरा खाली आला, आबांच्या हातात बसला, आणि नाथ जिकडं झुकायचा तिकडं झुकला.

शीव दोनशे पावलांवर होती. ऋषी ती सगळी पावलं वाकलेल्या गुडघ्यांनी चालला. मांड्या थरथरत होत्या, घाम डोळ्यांत जात होता, आणि शेजारी आबा नुसता हात लावून ताठ मानेनं चालले होते. शिवेवर मोटार टेकवली तेव्हा दादाभाऊनंच पुढं होऊन पालखीचा कल बघितला. "चार बोटं," तो म्हणाला. "नाथाला कोन हालिवणार बाबा!"

भरत गाडीखाली डोकावून काय काय वाकलं ते मोजत होता. ऋषीला त्याचं काहीच वाटलं नाही.

"पुडल्या साली मोटार नगं आनू," आबा म्हणाले.

"मग?"

"तू ये. पर असाच वाक."

ऋषीला सरळ व्हायचं भानच राहिलं नव्हतं. तो तसाच गुडघ्यात वाकून उभा होता. आबांनी हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. ऋषी नववीत होता, त्यानंतर त्यांचा हात तिथवर पोचला नव्हता.