पाठीवरची नवरी

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" भटजींनी दुसऱ्यांदा हाक दिली, तसा झुंबर भाचीला उचलायला वाकला आणि कमरेत कळ येताच फेट्याचा शेमला सावरल्यासारखं करून पुन्हा ताठ झाला.

समोर ओट्यावर, दारात बना मुंडावळ्या बांधून उभी होती. मामानं नवरीला उचलून बोहल्यावर न्यायचं, वाटेत तिचा पाय भुईला लागू द्यायचा नाही, ही या घराची रीत. प्रयागबाईला भाऊ हा एकच. आणि तोही साखर कारखान्यातला हमाल, पावणेतीन मणाचं पोतं घेऊन गुदामातली थप्पी चढणारा. बहिणीनं गावभर सांगून ठेवलं होतं, माझा झुंबर पोरीला फुलावाणी नेईल.

गोम अशी होती, की हमाल पोतं उचलत नाही. ते त्याच्या पाठीवर देतात. दोघं जण झोका देऊन वर घेतात, तिसरा पाठ देऊन उभा असतो. दिवाळीत थप्पीवरून घसरल्यापासून झुंबरला भुईवरची भरली कळशीसुद्धा उचलवत नव्हती. पाठीवर आलेलं ओझं मात्र तो कसाबसा चालवत नेई. जोडीदार गेणूला तेवढं ठाऊक होतं. पोतं उचलून द्यायची झुंबरची पाळी आली, की गेणू मुकाट्यानं पुढं व्हायचा.

हंगाम सरला होता. आता बारमाही कामाला दहाच हमाल राहायचे होते आणि त्यांची नावं मुकादम जोतीराम सोमवारी सांगणार होता. तोवर झाकली मूठ झाकलेली राहू दे, एवढंच झुंबर देवाजवळ मागत होता. आणि त्याच मुकादमाला प्रयागबाईनं अगत्यानं बोलावून मांडवात अगदी पुढं बसवलं होतं! बहिणीची माया, तिला काय बोलणार?

"काय झुंबरराव, भाची जड झाली व्हय?" कुणीतरी म्हणालं. मांडव हसला.

उचलायला जावं तर पोरीसकट आडवा होणार, न उचलावं तर बहिणीचं तोंड एवढंसं होणार. एवढं लाचार झुंबरला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"मामा," बना खाली मान घालूनच पुटपुटली, "वट्याच्या खाली उतरा आन् पाठ करा."

"काय म्हनतीस?"

"संक्रांतीला आलता तवा बघितलंय म्या, तुमी जेवून कसं उठता ते. करा पाठ."

तो उतरला, वळला, गुडघ्यांत जरासा वाकला. ओट्याच्या कडेवरून बनानं त्याच्या गळ्यात हात टाकले. वजन पाठीवर आलं आणि पावलं आपोआप पडू लागली, आखूड, भुईला घासत.

"आरं, नवरी हाय का साखरंचं पोतं!"

हसून हसून मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. प्रयागबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती. बना पाटावर उतरली, अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या. झुंबरही हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटलं.

जोतीराम तेवढा हसला नव्हता. मुकादम होण्याआधी वीस वर्षं त्यानं बारामतीच्या पेठेत पोती वाहिली होती. तो सारा वेळ झुंबरच्या पायांकडं बघत होता.

जेवणं झाल्यावर तो मांडवामागं हात धुवायला आला. झुंबर तिथंच होता. भुईवर भरलेली कळशी होती.

"झ्याक झालं लगीन," जोतीराम म्हणाला. मग खरकटे हात त्यानं पुढं केले. "कळशी उचल बरं जरा. पानी घाल."

झुंबरनं मागं वळून गेणूला शोधलं. गेणू पार पलीकडं, दुसऱ्या पंगतीला बुंदी वाढत होता.

"घालतो की, तात्या," झुंबर म्हणाला आणि कळशीकडं बघत तसाच उभा राहिला.